दहापैकी चार

सुकदेव सैंदाणे मास्तर नव्हते. कधीच नव्हते. सुरतेतल्या पांडेसऱ्याच्या एका प्रिंटिंग मिलमध्ये ते चलनं लिहायचे: कोरे ताके किती आले, छापून किती गेले. पण सबंध लिंबायत त्यांना मास्तर म्हणायचं आणि मास्तरांनी तेवढं कधी खोडून काढलं नाही. बाकी दिसेल ते खोडलं.

त्यांच्या शर्टाच्या खिशात कायम दोन पेनं असत. निळं पोटापाण्याचं आणि लाल समाधानाचं. धुळे जिल्ह्यातून सातवीच्या फायनलला शुद्धलेखनात पैकीच्या पैकी मिळाले होते, त्या गुणपत्रिकेला त्यांनी चौकट करून देवांच्या ओळीत टांगली होती. उदबत्ती तिलाही फिरायची. गल्लीतल्या पिठाच्या गिरणीवरचं ‘दळन’ त्यांनी स्वतःच्या हाताने ‘दळण’ केलं. शेजारचे पुंजू आप्पा वारले तेव्हा दारातल्या फळ्यावर ‘दुखद निधन’ लिहिलेलं होतं. तिरडी उचललेली, चौघांच्या खांद्यावर आप्पा, आणि मास्तर म्हणाले, ‘‘थांबा जरा.’’ खडू सापडेपर्यंत आप्पा थांबले. दोन ठिपके पडले, मग यात्रा निघाली. मिलमध्ये त्यांच्याविरुद्ध कुणीतरी निनावी तक्रार केली, मॅनेजरने ती वाचायला दिली, तर मास्तरांनी ती तपासून, खाली दहापैकी सहा देऊन, सगळ्यांना दिसेल अशी नोटीस बोर्डावर लावली. तक्रार करणारा पुढे वर्षभर लाजत होता.

अशा माणसाबरोबर काशीबाईंनी बावीस वर्षं काढली होती. लग्नानंतर मास्तर सुरतेला आले, काशीबाई वर्षभर गावीच होत्या. तेवढ्या काळात त्यांनी नवऱ्याला तीन पत्रं लिहिली. तिन्ही लाल होऊन परत गेली. चौथं त्यांनी लिहिलं नाही. किराण्याची यादीसुद्धा त्या तोंडी सांगत. मास्तर घरात छापील पुस्तकासारखं बोलत आणि काशीबाई अहिराणीत उत्तर देत. एकाच खोलीत दोन रेडिओ लागल्यासारखा तो संसार चालला होता.

मास्तरांची काशीबाईंवर एक जुनी तक्रार होती. थोरल्या मुलीचं नाव तिने नवऱ्याला न विचारता ठेवलं. ‘‘बाप सुरतेत मरत होता वाटतं,’’ असं ते पोरीच्या प्रत्येक वाढदिवसाला शिऱ्याचा घास तोंडात असताना म्हणत. काशीबाई नुसत्या वाढत. नाव होतं जागृती. शाळेच्या दाखल्यावर कारकुनाने गुजराती वळणाने शेवटची वेलांटी ऱ्हस्व काढली, तेव्हा न विचारता ठेवलेल्या त्याच नावासाठी मास्तर वर्षभर त्या कचेरीत खेटे घालत होते. शेवटी हेडमास्तरांनी हात जोडून वेलांटी दीर्घ केली.

तर या जागृतीचं लग्न एकोणीसशे शहाण्णवच्या वैशाखात ठरलं. त्याआधीची दोन स्थळं मास्तरांनीच घालवली होती. पहिल्या मुलाच्या माहितीपत्रात नऊ चुका निघाल्या. मास्तरांनी त्या दुरुस्त करून कागद परत धाडला, तो मुलगाही परत गेला. दुसरीकडे त्यांनी बैठकीत मुलाच्या काकांना ‘आशीर्वाद’ लिहून दाखवायला सांगितलं. तिसरं स्थळ बारडोलीच्या देवऱ्यांचं. मुलगा ललित, कडोदऱ्याला लूमवर जॉबर म्हणजे माग दुरुस्त करणारा, हसरा आणि कामसू. मुख्य म्हणजे जागृतीला तो आवडला होता. तिने तसं आईला सांगितलं होतं, आणि असं काही सांगणारी ती पोर नव्हती.

काशीबाईंनी नवऱ्याला स्वयंपाकघरात बोलावून घेतलं. हातात लाटणं होतं. ‘‘हाई लगीन मोडनं तर,’’ त्या म्हणाल्या, ‘‘मी आंडेरले लिसन माहेर चालनी जासू. याद ठेवा.’’ म्हणजे हे लग्न मोडलं तर लेकीला घेऊन मी माहेरी निघाले. त्या उगाच बोलत नसत, हे मास्तरांना ठाऊक होतं.

‘‘काहीही मोडणार नाही,’’ मास्तर म्हणाले. ‘‘फक्त पत्रिका माझ्यावर सोपव.’’

आता खानदेशी माणसाची लग्नपत्रिका म्हणजे काय, ते ज्याने पाहिलं नाही त्याला सांगून पटायचं नाही. वधू आणि वर हे तिथे निमित्ताला असतात. खरी असतात ती नावं. आजोबा, चुलते, मामा, मावसे, आत्याचे दीर, व्यवस्थापक मंडळ, स्वागतोत्सुक, आणि तळाला सगळी चिल्लीपिल्ली. एखाद्या मावसभावाचं नाव राहिलं तर तो लग्नाला येत नाही, आणि पुढच्या तीन लग्नांनाही येत नाही. म्हणून पत्रिका कुणी वाचत नाही. जो तो आपलं नाव शोधतो, ते सापडलं की पत्रिका खिडकीत खोचतो.

छापखाना रमणीकभाईंचा. मराठी पत्रिकांचं काम त्यांच्याकडे पुष्कळ येई, आणि मराठी तिथे कुणालाच येत नसे. कंपोझिटर अक्षराच्या आकाराला आकार जुळवून खिळे लावायचा. त्यामुळे रमणीकभाईंनी एक युक्ती काढली होती. एका लग्नाची पत्रिका छापून झाली की जुळवलेले खिळे मोडायचे नाहीत. सुतळीने बांधून फळीवर ठेवायचे, पुढचं लग्न आलं की जुनी नावं उपसून त्या जागी नवी भरायची. मजकूर तोच, गणपती तोच, माणसं तेवढी बदलायची. पंधरा वर्षांत असं एकाच पत्रिकेवर अर्धा खानदेश लग्नाला लागला होता.

मास्तर पहिला कच्चा छाप घेऊन बसले, तो दुपारी. रमणीकभाईंना वाटलं चहा होईपर्यंत संपेल. मास्तरांनी पहिल्या छापात एकोणचाळीस चुका काढल्या. दुसऱ्यात बावीस. तिसऱ्या दिवशी कंपोझिटर त्यांना पाहून मागच्या दाराने निघून गेला.

‘‘मास्तर, हवे तो छापवा दो!’’ आता तरी छापू द्या, म्हणून रमणीकभाई काकुळतीला आले. ‘‘छोकरीनां लगन छे के परीक्षा छे?’’

‘‘परीक्षाच आहे,’’ मास्तर म्हणाले.

मास्तरांची तपासायची एक खास रीत होती आणि तिचा त्यांना फार अभिमान होता. ते कागद उलटा वाचत. म्हणजे खालून वर, शेवटच्या शब्दापासून पहिल्याकडे, एकेक अक्षर सुटं करून. ‘‘सरळ वाचलं की अर्थ आडवा येतो,’’ ते सांगत. ‘‘अर्थ कळायला लागला की डोळा सैल पडतो आणि चूक निसटते.’’ सहाव्या छापाला ते तळाच्या चिल्लीपिल्लीपासून चढत चढत वर आले. नातू. यांचे. देवरे. धोंडू. बाजीराव. प्रत्येक काना, प्रत्येक मात्रा जागेवर. बाजीरावांच्या आधी एक अक्षर होतं, त्यावर दोन मात्रा, पुढे टिंब. दोन्ही मात्रा स्वच्छ उठल्या होत्या. मास्तर पुढे सरकले, म्हणजे वर सरकले.

छाप घरी आणला तेव्हा काशीबाईंनी हात पुसत विचारलं होतं, ‘‘मी वाची देखू का एक डाव?’’

‘‘तू?’’ मास्तर हसले. ‘‘तुला ऱ्हस्व-दीर्घ कळतं का?’’

काशीबाई पुन्हा कणीक मळायला गेल्या. पत्रिका छापून आल्यावरही त्यांनी तिला हात लावला नाही. नाही म्हटलं ना, मग नाहीच. जागृतीने तिचं आणि ललितचं नाव वाचलं आणि पत्रिका उशीखाली ठेवली. मास्तरांनी सहाशे पत्रिकांना हळदीकुंकू लावून गठ्ठे बांधले, एक बारडोलीला दिला, आणि धाकटा भाऊ किसन दोन पिशव्या घेऊन साक्री तालुक्यात वाटायला गेला. मास्तरांनी आयुष्यात पहिल्यांदा एक छापील कागद पाहून लाल पेनाला टोपण लावलं.

नवव्या दिवशी बारडोलीत रडणं ऐकू आलं.

आमच्याकडे माणूस गेला की नातेवाईक दारावर येतात. पुरुष मुंडी खाली घालून येतात आणि बाया गल्लीच्या तोंडापासूनच हेल काढतात, म्हणजे घरच्यांना कळतं की आपल्या दुःखाला माणसं आली. तर साक्रीकडून एक मेटॅडोर भरून आली, गल्लीच्या तोंडाशी थांबली, पदर कपाळाखाली आले आणि सूर लागला. बाजीराव देवरे तेव्हा ओट्यावर बसून भाकरी खात होते. वय अठ्ठ्याहत्तर, एके काळचे ऊसतोडीचे मुकादम, आवाज अजून पाच एकर जायचा. रडणं आपल्याच दारी येतंय हे पाहून ते हात न धुताच उठले.

‘‘कोन गया व माय?’’ त्यांनी विचारलं. कुणी उत्तर देईना. इतकं मन लावून रडताहेत म्हणजे जवळचंच कुणीतरी असणार, म्हणून त्यांनीही उपरणं डोळ्यांना लावलं आणि रडायला सुरुवात केली. बराच वेळ सगळ्यांनी मिळून शोक केला. मग पुढे बसलेल्या बाईने पदर वर केला. ती शांताबाई, बाजीरावांची थोरली बहीण, वय वर्षं ब्याऐंशी. तिने शेजारी रडणाऱ्या भावाकडे पाहिलं आणि अशी किंचाळली की मेटॅडोरचा ड्रायव्हर गाडी सोडून पळाला.

पाणी मारून म्हातारी शुद्धीवर आली. तिच्या कमरेच्या पिशवीतून पत्रिका निघाली. बाजीरावांच्या गावी शाळेतल्या गुरुजींनी ती पारावर मोठ्याने वाचली होती, आणि तिच्यात सुवाच्य छापलेलं होतं: कै. बाजीराव धोंडू देवरे यांचे नातू. कै. म्हणजे कैलासवासी. रमणीकभाईंच्या फळीवर आधीचं लग्न ज्यांचं होतं त्यांचे आजोबा खरोखरचे गेलेले. त्यांचं नाव खिळ्यांतून उपसलं, त्यांचा कैलास तिथेच राहिला, आणि बाजीरावांना त्यात नेऊन बसवलं. बारडोलीच्या घरात शंभर पत्रिका आठवडाभर पडून होत्या. सगळ्यांनी आपापली नावं वाचली होती. बाजीरावांना वाचता येत नव्हतं.

लिंबायतच्या एस.टी.डी. बूथवर फोन आला तो ललितच्या आईचा, रंजनाबाईंचा. त्या मास्तरांना एवढंच म्हणाल्या, ‘‘तुम्ही आमच्या जित्त्या माणसाला मारलं. आम्हाला हे लग्न करायचं नाही.’’ आणि फोन ठेवला.

मास्तर घरी आले. देवापुढची पत्रिका उचलली. पहिल्यांदाच त्यांनी ती वरून खाली वाचली. तिसऱ्या ओळीवर थांबले आणि तिथेच पाटावर बसले.

‘‘मात्रा बरोबर आहेत,’’ ते म्हणाले.

काशीबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. एखाद्या बाईने भांडं आपटलं असतं. त्या आत गेल्या, ट्रंक उघडली, साड्यांच्या तळातून काहीतरी काढून कापडी पिशवीत टाकलं आणि चपला घातल्या. जागृती दारात उभी होती. रडत नव्हती. बापाकडे नुसती टक लावून पाहत होती, आणि त्या पाहण्यापेक्षा तिने रडून गोंधळ घातला असता तर मास्तरांना बरं वाटलं असतं.

बारडोलीच्या बसमध्ये काशीबाईंच्या शेजारी बसून मास्तरांनी माफीपत्र लिहिलं. गुडघ्यावर वही, निळं पेन, आणि प्रत्येक खड्ड्याला थांबून. अडीच पानं झालं. उतरण्याआधी त्यांनी ते उलटं तपासलं. एकही चूक नव्हती.

देवऱ्यांच्या ओट्यावर सगळे बसले होते. मध्ये खाटेवर बाजीराव, शेजारी शांताबाई, ती भावाचा हात धरूनच होती, अजून खात्री पटली नसल्यासारखी. ललितचे वडील गोपाळराव खांबाला टेकून नखं पाहत होते. रंजनाबाई उभ्या. पाणी कुणी विचारलं नाही. खानदेशात पाणी विचारलं नाही म्हणजे काय, ते पाहुण्याला सांगावं लागत नाही.

मास्तर उभे राहिले आणि वाचू लागले. ‘‘आदरणीय श्री. बाजीराव धोंडू देवरे यांचे चरणी शिरसाष्टांग नमस्कार. आमच्या अनवधानाने आपल्या नामाभिधानापूर्वी जे उपपद मुद्रित झाले त्यायोगे आपणांस जो मनस्ताप...’’

‘‘हाऊ काय म्हनस?’’ बाजीरावांनी मुलाला विचारलं.

‘‘माफी मागत आहेत, आबा.’’

‘‘मंग मांगत का नही?’’

मास्तर अडीच पानं वाचून थांबले. रंजनाबाई म्हणाल्या, ‘‘असल्या कागदांनीच तर केलं हे. लग्नाच्या कागदावर मरण आलं, हा अपशकुन आहे. मला माझ्या घरात तुमची पोर नको. तुम्ही हे मुद्दाम केलं की काय, तेही मला माहीत नाही. दोन स्थळांना पाणउतारा करून घालवलंत, आम्ही ऐकलं नाही असं वाटतं?’’

‘‘मुद्दाम?’’ मास्तर म्हणाले. ‘‘अहो, मी सहा वेळा तपासली!’’

हे त्यांनी म्हणायला नको होतं. सहा वेळा तपासून मारलं म्हटल्यावर ते मुद्दाम नाही हे कोण मानणार? रंजनाबाईंनी हात जोडले आणि दाराकडे दाखवलं. लेक दारात टक लावून उभी असेल आणि आपण हात हलवत परत जाणार, एवढंच त्यांना दिसत होतं.

तेव्हा काशीबाई पुढे झाल्या. पदर सावरून बाजीरावांच्या पायांपाशी खालीच बसल्या आणि पिशवीतून एक घडीचा पिवळा पडलेला कागद काढला.

‘‘आबा,’’ त्या म्हणाल्या, ‘‘मना मालक मुद्दाम काही करत नही. त्येस्ले तेवढी अक्कल नही. हाई ऐका.’’ माझा नवरा मुद्दाम काही करत नाही, त्याला तेवढी अक्कल नाही, हे त्यांनी इतक्या शांतपणे सांगितलं की रंजनाबाईसुद्धा खाली बसल्या.

कागद काशीबाईंचाच होता. एकवीस वर्षांपूर्वी माहेराहून सुरतेला गेलेला आणि सुरतेहून परत आलेला. त्या मोठ्याने वाचू लागल्या. मोठ्याने वाचलं की ऱ्हस्व-दीर्घ ऐकू येत नाही.

‘‘सप्रेम नमस्कार. मंगळवारी पहाटे मुलगी झाली. मी बरी आहे. पोरीचे कान तुमच्यासारखे आहेत, मोठे. रात्रभर झोपत नाही, रडतही नाही, नुसती टकामका बघते. बारसं पुढच्या सोमवारी आहे. नाव तुम्ही ठेवा. सुरतेला चांगली चांगली नावं कानावर येत असतील, त्यातलं एक लिहून पाठवा. तुमचं पत्र आल्याशिवाय पाळणा हलवायचा नाही असं मी सगळ्यांना सांगितलं आहे. वाट पाहते.’’

त्यांनी कागद उलटा करून सगळ्यांना दाखवला. पानभर लाल. प्रत्येक ओळीत गोल, फुल्या, बाण. ‘पहाटे’खाली रेघ, ‘मुलगी’ला गोल, ‘नाव तुम्ही ठेवा’मधल्या ‘तुम्ही’वर दोन फुल्या. तळाशी ठळक अक्षरात ४/१०.

‘‘सोमवारी सकाळी टपाल उनं,’’ काशीबाई म्हणाल्या. ‘‘आख्खा बाया पाळनाजोडे बसेल. मी पाकीट फोडं. मनंच पत्र. नाव शोधं, आठे शोधं, तठे शोधं, उलटं करीसन दखं. नावच नही. दहापैकी चार.’’ त्यांनी कागदाची घडी घातली. ‘‘मंग मनी माय म्हने, पोर जागतच ऱ्हास, जागृती ठेव.’’

तेवढ्यात खाटेतून एक आवाज निघाला. आधी वाटलं म्हाताऱ्याला ठसका लागला. बाजीराव हसत होते. डोळ्यांतून पाणी, छातीवर हात, खाट करकरतेय, आणि आवाज पाच एकर.

‘‘ज्याले पोटनी आंडेरना जलम वाचता उना नही,’’ ते कसेबसे म्हणाले, ‘‘तो मनं मरन काय वाचनार!’’

लेकीचा जन्म ज्याला वाचता आला नाही तो माझं मरण काय वाचणार. गोपाळराव नखं सोडून हसले. शांताबाई भावाचा हात सोडून हसली. आणि हात सुटल्यावर तिला एक रीत आठवली, म्हणून भाचेसुनेकडे वळून ती म्हणाली, ‘‘रंजना, अपशकुन काय म्हनस व? कावळा शिवना म्हंजे आपुनच मरानी खोटी खबर धाडतस ना? लोके रडतस, आन मानूसनं आयुष्य वाढस. मी तर तीन दिन रडनू. हाऊ आते शंभरले टेकस.’’

हे मात्र रंजनाबाईंना खोडता येईना. जित्या माणसाला कावळा शिवला की त्याच्या मरणाची खोटी खबर धाडून संकट टाळायची रीत त्यांच्या माहेरीही होती. त्या उठून आत गेल्या आणि पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आल्या. काशीबाईंना आधी दिला.

मास्तर मात्र अजून उभेच होते. हसले नव्हते. त्यांना तो कागद आठवत होता. ‘पहाटे’ची चूक आठवत होती, ‘मुलगी’तला उकार आठवत होता. पण पोरीचे कान आपल्यासारखे आहेत हे त्यांनी आज पहिल्यांदा ऐकलं. नाव तुम्ही ठेवा, हेही. एकवीस वाढदिवसांचा शिरा त्यांच्या घशात एकदम येऊन बसला.

‘‘सुकदेव,’’ बाजीराव डोळे पुसत म्हणाले, ‘‘तुले दंड शे. जठे जठे तू माले मारं, तठे तठे माले जित्ता कर. कारडं लिव्ह. मी सांगसू तसं. मन्या बोलीमा.’’

गोपाळरावांनी पोस्टातून साठ कार्डं आणली. मास्तर मांडी घालून बसले, बाजीराव खाटेवरून सांगू लागले. ‘मी जित्ता शे. मेटॅडोर करीसन रडाले येऊ नका. लगीनले या. जेवाले बुंदी शे.’ मास्तरांचं पेन पहिल्याच शब्दावर अडलं. अहिराणीचे शुद्धलेखनाचे नियम त्यांना कुणी शिकवले नव्हते. जन्मापासून कानावर असलेली ही बोली त्यांनी कधी कागदावर येऊच दिली नव्हती.

‘‘जित्ता कसं लिहू?’’ त्यांनी विचारलं. ‘‘एक त की दोन?’’

‘‘मी तुले दखाई राह्यनू ना?’’ बाजीराव म्हणाले. ‘‘मनाकडे दखीसन लिव्ह.’’

मास्तर लिहू लागले. काशीबाई शेजारी बसल्या आणि प्रत्येक झालेलं कार्ड उचलून वाचू लागल्या. वरून खाली, सरळ, ओठ हलवत. अकराव्या कार्डाला त्या थांबल्या. आधीची दहाही पुन्हा पाहिली.

‘‘लगीननी तारीख कोठे शे?’’

मास्तरांनी पाहिलं. अकरा कार्डांवर तारीख नव्हती. बाजीरावांनी सांगितली नव्हती आणि मास्तरांनी सांगितलं तेवढं बिनचूक लिहिलं होतं. त्यांनी अकराही कार्डं मांडीवर घेऊन एकेकावर तारीख घातली, पुढच्या प्रत्येकावर आधी तारीख आणि मग मजकूर, आणि प्रत्येक कार्ड लिहून झालं की न सांगता काशीबाईंच्या हातात दिलं. साठावं कार्ड होता होता निळं पेन संपलं.

परतीची बस कडोदऱ्याच्या नाक्यावर ट्रकांमागे अडकली. दुपारचं ऊन, खिडकीची काच गरम, काशीबाई पिशवी मांडीवर घेऊन डोळे मिटून बसलेल्या. मास्तरांनी पिशवीतून हळूच तो पिवळा कागद काढला. खिशात एकच पेन उरलं होतं. ४/१०च्या खाली बोटभर जागा होती. तिथे त्यांनी लाल शाईने लिहिलं: ‘मुलीचे नाव जागृती ठेवावे. सुकदेव.’ लिहिताना बस एकदम सुटली आणि शेवटची वेलांटी ओळीबाहेर, पार कागदाच्या कडेला गेली. मास्तरांनी ती तशीच ठेवली आणि कागद काशीबाईंच्या मांडीवर ठेवला.

काशीबाईंनी डोळे उघडले. कागद वाचला, वरून, पहिल्या नमस्कारापासून. खालपर्यंत आल्या. पुन्हा वर गेल्या. मग हात पुढे केला, बोटं हलवली. मास्तरांनी लाल पेन दिलं. बावीस वर्षांत काशीबाईंनी त्यांच्यासमोर पहिल्यांदा पेन धरलं. मास्तरांच्या उत्तराभोवती त्यांनी एक गोल काढला आणि शेजारी सावकाश आकडे लिहिले. ४/१०.

मास्तर कागदावर वाकले. ‘‘सहा कशाचे कापलेस?’’

‘‘पाच उशिराचे,’’ काशीबाई म्हणाल्या. नवऱ्याशी त्या प्रमाण मराठीत बोलल्याचं मास्तरांना आठवत नव्हतं.

‘‘आणि एक?’’

‘‘कानांबद्दल काहीच लिहिलं नाही.’’

मास्तरांचा हात आपोआप कानाकडे गेला. मग त्यांनी पेन परत मागून घेतलं, कागद उलटवला, मागच्या कोऱ्या बाजूला गुडघा लावला, आणि बस उधण्याला पोहोचेपर्यंत कानांबद्दल लिहीत बसले.